हजर सतरा

मिरचीचे देठ खुडलेले हात
तीनदा धुते बोरिंगवर, तवा दाराशी जाते.
मले प्रज्वली ओयखते खोकल्यावरून.

महिन्याचे शंभर. बाकी सरकार भरते म्हनतात.
मांगच्या उन्हायात हेच पोट्टी
कळमन्याच्या पोत्याईआड निजे,
डोये चोयू चोयू लाल.

आता कूलरपुढं झोपते, वरनभात खाते.
"पानी" नाही म्हनत. "पाणी" म्हनते,
कुंदाताईवानी.
मी रातच्याले एकटी म्हनून पाह्यते,
जीभ वयत नाही.

कुंदाताईचं मानधन शिमग्यापासून आलं नाही.
तिचा दोन वर्साचा शेजारनीपाशी,
रोजचे तीस देते ती.

काल सहीसाठी वही पुढं केली तिनं: हजर सतरा.
त्याचं नाव कोनत्याच पानावर नव्हतं.