तिसरं बटण

सकाळी सहा दहाला टपाल लिहितो, "उठलो."
एवढंच.
सतरा वर्षं तो रोज उठतो आणि रोज कळवतो,
जणू न कळवल्यास गैरहजेरी लागेल.

मग खडीसाखर, अकोल्याहून: "पाणी आलं नाही."
मग दुर्बीण, जिला मुलाने मेलबर्नला नेऊन ठेवलंय:
"इथे दुपार होत आली. वरण खाली लागलं."
मग मी, ऐरोली, सेक्टर आठ,
गॅलरीत स्टुलावर, पाय कठड्याला:
"समोरच्या इमारतीला पुन्हा बांबू बांधतायत."
यावर चौदा उत्तरं येतात.

ओळख झाली ती एका शब्दकोड्यावरून.
आडवा शब्द, पाच अक्षरी, कुणालाच सुटला नाही.
अजून सुटलेला नाही. माणसं तेवढी राहिली.
खरी नावं नंतर, गरज पडेल तशी कळत गेली.
टपाल म्हणजे हणमंत साळोखे, हे
त्याच्या बायकोला रक्त हवं होतं त्या रात्री.
खडीसाखर म्हणजे पुरुष, हे तर सहाव्या वर्षी,
दाढी करताना कापलं म्हणून.

अर्धीवाटीचं नाव कुणालाच माहीत नाही.
ती सगळं सांगते, पत्ता सोडून.
"खाडीच्या अलीकडे" म्हणते.
खाडीच्या अलीकडे अख्खी नवी मुंबई आहे.

मार्चमध्ये तीन दिवस तिने एका पिशवीवर काढले.
निळी, जाड, बंद तुटलेला,
घरात निळा दोरा नाही, आणायला जायचा कंटाळा,
शेवटी लालने शिवली.
टपाल म्हणाला, "बरं दिसतं का ते?"
ती म्हणाली, "पिशवी आहे, पैठणी नाही."
त्याच्या आधी दुधीवरून भांडण:
नख लावून बघावा की नाही.
दुर्बीण म्हणे, भाजीवाल्याचं नुकसान.
ती म्हणे, न टोचता दुधी घेणं म्हणजे
न बघता मुलगी देणं.

परवा संध्याकाळी, शाळेमागच्या बाजारात,
ती पिशवी माझ्यापुढे उभी.
लाल टाके, तिरके, घाईचे.
आणि एक नख दुधीत.
"मावशी, टोचू नका."
"मग कळणार कसं?"
आवाज मी इतकी वर्षं जाड धरून चाललो होतो.
निघाला पातळ, जरासा सर्दीचा.

म्हणायचं होतं, अहो, मी.
पण मी कोण? इथे भगीरथ केणी, तिथे लंगर,
आणि लंगर ही हाक माझ्या कानांनी
कधी ऐकलेलीच नाही, फक्त डोळ्यांनी वाचलेली.
शिवाय भर बाजारात एका बाईला
"अर्धीवाटी" म्हणून हाक मारायची कशी?

दोन टोचले होते तिने. एक घेतला, गेली.
दुसरा मी घेतला,
नखाच्या खुणेसकट. भावही केला नाही.

रात्री नऊला तिचं आलं:
"आज बाजारात एक माणूस माझ्या पिशवीकडे टक लावून.
शर्टाचं तिसरं बटण तपकिरी, बाकीची पांढरी."

आता त्या बटणाबद्दल मागच्या महिन्यात मीच
एकवीस ओळी लिहिल्या होत्या.
कुसुम गेल्यापासून बटणं मी लावतो.
डब्यात सगळी आहेत, जोडीचं सापडत नाही.

मी लिहायला घेतलं, पुसलं.
तिकडेही टिंबं उमटत होती, विझत होती.
खाली कुणी तरी स्कूटर मागे घेत होतं,
खूप वेळ.

मग टपाल: "जेवणं झाली का सगळ्यांची?"
खडीसाखर: "खिचडी."
मी: "दुधी."

जरा वेळ गेला.

ती: "कोवळा निघाला ना?"