चुन्यो

बोलिव्हियाच्या पठारावर बस थांबली
आणि सगळे तळ्याकडे पळाले.
फ्लेमिंगो म्हणे सकाळीच दिसतात.
मी मागे राहिलो, बूट चावत होता म्हणून.

बेनिग्नाबाई अनवाणी
रात्रभर गोठलेले बटाटे तुडवत होती.
टाचेखाली कचकन पाणी सुटायचं,
सालं बोटांत अडकायची.
ये, तिनं मानेनंच सांगितलं.

काढले बूट.
गारठा थेट दाढेपर्यंत.
ती हसली, मग बोटांवर मोजलं :
तीन रात्री हिव, तीन दुपारी ऊन,
की दहा वर्षं मरण नाही.
थोरल्या नातवाच्या जन्मसालचे
अजून आहेत कणगीत.

वाडग्यात आले ते,
काळे, चिवट, ओल्या मातीच्या वासाचे.
दुसऱ्यांदा मीच मागून घेतले.

बसमध्ये सगळे गुलाबी रंगाबद्दल बोलत होते.
मी मोजे हातात धरून बसलो.