निवल्यावर

नववीत असताना मी ताट भिरकावलं.
आमटी भिंतीवर.
पप्पा वडणग्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या.
उठले, ताट उचललं,
"भिंत तूच पुसायचीस. आत्ता नको, निवल्यावर."
आणि परत जेवायला बसले.

शेजारच्या पिराजीला पट्टा मिळायचा.
घरात तो मांजर,
बाहेर रंकाळ्याच्या कठड्यावर बाटल्या फोडायचा.

काहिलीत रस उतू यायला लागला
की पप्पा ओरडायचे नाहीत,
नुसता हात वर करायचे.
चुलवाणापाशी बसलेला पोरगा
चिपाडं सारायचा थांबायचा.
मग पाकाचा थेंब गार पाण्यात:
गोळी धरते का?

मला भिंत पुसायला दुसरा दिवस उजाडला.
हळदीचा डाग गेलाच नाही.

आज माझी लेक दार आपटून आत गेली.
माझा हात वर गेला.
कशासाठी,
ते निवल्यावर कळलं.