साडेपाचशे

साडेपाचशे म्हटलं की सावद्यात
लोक केळीचा पडलेला भाव समजतात.
मी म्हणालो, शेठ, भाव नाही हा,
दम्मामच्या सर्व्हरनं दिलेलं उत्तर आहे.
फेगडेशेठनी चष्मा कपाळावर सारला :
उत्तर आलं ना, मग पोचला की मेल.

पोचला नाही. उंबऱ्यावरूनच वळवला.
कंटेनर बंदराच्या वाटेवर, आत तेरा अंश,
आणि त्याचे कागद सहाव्यांदा माझ्याच टेबलावर,
खाली कुणा मेलर-डीमनची सही,
ज्याला उलट लिहिलं तर तो वाचतही नाही.

वामनतात्या भुसावळच्या आरएमएसमधून निवृत्त,
दुपारी आमच्या एसीत पेपर वाचायला येतात.
म्हणाले, आमच्याकडं तीन शिक्के होते :
पत्ता अपुरा. इसम गाव सोडून गेला. घेण्यास नकार.
यातला कोणता?
तिसरा, तात्या. पण मालक तिकडं झोपलाय,
नकार त्याच्या दारानं दिलाय.

'दार काय इचारस मंग?'

तेच, जे तुमच्या अमळनेरात ओट्यावरची म्हातारी विचारते
गल्लीत शिरलेल्या नव्या पोराला :
कोना शे रे तू?
नुसतं नाव सांगून भागत नाही. बापाचं लागतं,
आणि बापानंही म्हणावं लागतं, हो, माझाच.
आमचा मेल म्हणतो, मी फेगडे फ्रूट्सचा.
दार आमची नोंद उघडतं, तिथं जुन्या सर्व्हरचा नंबर.
पोरगं घरचंच, रेशनकार्डात नाव नाही.

मार्चात आपण स्वस्त सर्व्हरवर गेलो ना, शेठ,
नोंद बदलायची माझ्याकडून राहिली.
शिवाय त्याच नंबरवरचा दुसरा भाडेकरू
रात्रभर लॉटरीचे मेल वाटत होता,
त्याच्या पायी अख्खी चाळ काळ्या यादीत.

हे सांगताना घसा सुकला.
नोंद दुरुस्त केली. यादीवाल्यांना अर्ज लिहिला,
की शेजारी आमचा कुणी लागत नाही.
पुन्हा पाठवला. या वेळी साडेचारशे.
शेठ म्हणाले, भाव अजून पडला!
नाही शेठ, हे 'थोड्या वेळानं ये'.
लॉटरीवाला परत फिरकत नाही, घरचा फिरकतो,
दार तेवढंच बघतंय.

बसलो. बाहेर सेहेचाळीस अंश,
लांबून मालगाडीचा आवाज, संपता संपेना.
तात्या पेपरची घडी घालत बोलले,
परत आलेलं पत्र बरं.
निदान कुणीतरी हातात घेतलेलं असतं.
एकोणनव्वदला मी बहिणीला लिहिलं, बऱ्हाणपूरला.
ना शिक्का, ना उत्तर.
जन्मभर खणांत पत्रं लावली मी, आणि ते एक...
पुढं बोलले नाहीत. घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

चार वाजून दहा मिनिटांनी दम्माम :
मिळालं. कंटेनर कुठाय?

शेठ चहा सांगायला उठले.
परत आलेले सहा मेल मी पुसून टाकणार होतो.
राहू दिले.