दहा मिनिटांसाठी

सतरा रात्री बॅकअप फसत होता
आणि सतराही रात्री तो तसं कळवत होता, पिवळ्या मेलमधून.
पिवळ्या मेलसाठी मीच एक फोल्डर केलं होतं.
आज लाल आली.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
रात्रीचे पावणेबारा, बाहेर अजून चौतीस डिग्री.
सर्व्हर रूमचा एसी बादलीत ठिबकतोय
आणि रेवणसिद्ध वॉचमन दारात उभा राहून गारवा खातोय.
"चालूच आहे की ओ मॅडम सगळं. मग फसलं काय?"

काय सांगू?
साखर पेठेत एक फोटोवाला होता,
हलू नका म्हणायचा, आम्ही पाच भावंडं श्वास धरून,
आणि धाकटा नागेश नेमका तेव्हाच नाक पुसायचा.
भिंतीवरच्या फोटोत त्याच्या हाताच्या जागी अजून धूर आहे.

तसंच हे.
रोज रात्री बॅकअप येतो, डेटाबेसला म्हणतो,
हातातली ओळ संपव, पेन खाली ठेव, क्षणभर हलू नकोस.
डेटाबेस पेन ठेवत नाही.
पॅकिंगमध्ये गाठोडी स्कॅन होतायत, बीप, बीप,
साठ सेकंद वाट बघून फोटोवाला निघून जातो.

सर्व्हिस बंद केली, चालू केली.
पॅकिंगवाल्यांना चहाला पाठवलं.
तरी नाही.
मग डिस्क बघितली, जी आधी बघायला हवी होती:
अकरा जीबी उरलेली. दोन टीबीतली.

आणि तिथे, झाडाच्या पार मुळाशी, एक जुना स्नॅपशॉट.
नाव: "अपडेटच्या आधी – काढू नको – श्रीशैल".
चौदा महिन्यांपूर्वीचा.
म्हणजे चौदा महिने मूळ वही बंद करून ठेवलेली
आणि आम्ही सगळा कारखाना चिठ्ठ्यांवर लिहीत होतो,
चिठ्ठ्या सुतळीत ओवत,
प्रत्येक गाठोडं, प्रत्येक पगार, पाळी बदलल्याची प्रत्येक नोंद.

श्रीशैल आता मस्कतला.
तिकडे साडेदहा, त्याने दुसऱ्या रिंगला उचलला.
"अजून आहे व्हय ते?" म्हणाला,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
"दहा मिनिटांसाठी घेतला होता गं."

एक मेलेलं टेस्ट मशीन उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकलं, जागा केली.
मग डिलीट म्हटलं. शब्द चुकीचा आहे,
पुसायचं काही नसतं, चिठ्ठ्या वहीत उतरवायच्या असतात.
चाळीस टक्के. रेवणसिद्धने डबा उघडला,
कडक भाकरी, शेंगाचटणी, कागदावर कांदा.
कीबोर्डपासून लांब, मी म्हटलं. तो आणखी लांब सरकला.
ऐंशी.
नव्व्याण्णव.
नव्व्याण्णव.
नव्व्याण्णववर पन्नास मिनिटं.

इथेच माणसं कॅन्सल दाबतात.
माझंही बोट गेलं होतं.
"थांबा की," रेवणसिद्ध म्हणाला. त्याला यातलं काही कळत नाही,
पण वीस वर्षं तो मागावर होता,
आणि अडलेल्या मागाला ओढायचं नसतं
एवढं त्याला कळतं.

तीन वाजून आठ मिनिटांनी एक मशीन सेकंदभर थिजलं
आणि हललं.
बॅकअप चालवला. हिरवी मेल.
हिरवीवर विश्वास ठेवला नाही, एक जुनं बिल परत काढून बघितलं:
फेब्रुवारी, चारशे डझन, फिकट निळा. होतं.

पिवळं फोल्डर मोडलं.
मालकांना लिहायच्या मेलमध्ये सतरा हा आकडा
दोनदा टाकला, एकदा पुसला, मग राहू दिला.

पहाटे श्रीशैलचा मेसेज: निघाला का?
उत्तर द्यायचं राहिलंय.
सोमवारी पॅच आहे, त्याआधी स्नॅपशॉट लागेल,
नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकतोय.
मी तारीख टाकली, माझं नाव टाकलं,
आणि पुढे लिहिलं: काढ.