अकरा सेकंद

डंडीत, नदीकडच्या जुन्या थिएटरात
दर नोव्हेंबरला तो रहस्यपट लागतो.
इशबेल गिल्की तिसऱ्या रांगेत कडेला बसते,
ओला कोट मांडीवर, पेपरमिंट गालात.

खुनी कोण, तिच्या लक्षातच राहत नाही.
कादंबरीत मेहुणा होता;
सिनेमात डॉक्टर केला,
मेहुणा झालेला नट म्हणे लोकांचा फार लाडका.

तिचं लक्ष गालिच्याकडे.
तिथे फर्गस पडलाय, तिचा नवरा,
ट्रामचा कंडक्टर, रजा टाकून आलेला,
दिवसाला दोन पौंड आणि गरम सूप.
कादंबरीत या प्रेताला आख्खं एक प्रकरण आहे:
कर्ज, कबुतरं, पत्राला न दिलेलं उत्तर.
इथे नुसते अकरा सेकंद
आणि चॉकलेटचं रक्त.

इन्स्पेक्टर वाकतो. नाडी बघतो. मान हलवतो.
सगळं थिएटर डॉक्टरच्या हातमोज्यांवर डोळा ठेवून.
आणि फर्गसच्या वास्कटाचं तिसरं बटण
(तिनेच घाईत निळ्या दोऱ्याने लावलेलं,
काळ्या-पांढऱ्यात कोण ओळखतंय)
जरासं वर येतं,
खाली जातं.

'दम धरवेना गं,' घरी येऊन म्हणाला होता,
'वाटलं, हाकलतात आता.'
कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

खरा गेला तेव्हा
ती खाली दूध आणायला गेली होती.

उलगड्यापर्यंत ती थांबत नाही.
अंधारात लोकांचे गुडघे चुकवत निघते.
दारावरचा पोरगा दरवेळी सांगतो,
'मिसेस गिल्की, खुनी सापडायचाय अजून.'
'सापडू दे,' म्हणते,
'माझं माणूस बघून झालं.'