झाकणात दिवा असलेला

मारुती आळीतल्या दुकानात शिरगावकर विचारतो,
"स्कॅन काय करणार? सातबारा, दाखले, रेशनकार्ड?
मग हा घ्या. पोळपाटाएवढं वजन, वायर एकच."
मी काचेवरून बोट फिरवते.
काच सगळ्यांचीच स्वच्छ असते नवीनपणी.

"नाहीतर थ्री-इन-वन. छापतोसुद्धा."
छापायचं नाही मला.
पर्समधून बटर पेपरचं पाकीट काढते,
वर अप्पांचं अक्षर:
रफीक सोलकर, खलाशी, सहा प्रती, उधार.
निगेटिव्ह त्याच्या ट्यूबलाइटसमोर धरते.
काळे दात, पांढरे केस.
एकोणीस वर्षांचा म्हातारा.

"असं होय," तो म्हणतो, आणि स्टुलावर चढून
वरच्या फळीवरचा खोका उतरवतो.
हा खास फिल्मचाच. पण खाच बारीक,
आमची फिल्म रुंद, जुन्या कॅमेऱ्याची, आत जाईना.
कापू का, असं तो विचारत नाही,
म्हणून मी अजून थांबलेय.

घरी असे बाराशे आहेत,
बिस्किटांच्या डब्यांत, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसकट,
तरी खाऱ्या हवेने कितीतरी चेहऱ्यांवर बुरशीचं जाळं विणलंय.
मिरकरवाड्याचे, राजिवड्याचे, पावसचे,
सगळ्यांच्या अंगात एकच कोट,
मागून कपड्यांच्या चिमट्याने आवळलेला.
पासपोर्ट झाला की कुवेत, बहारीन, कुठलं कुठलं जहाज.
काही परत आले. काहींच्या आया
तोच फोटो मोठा करून घ्यायला आल्या.

शेवटी तिसरा निघतो. जाड, बोजड,
झाकणात स्वतःचा दिवा.
किंमत ऐकून मी छताकडे बघते.
"पाचशे कमी करतो, ताई. माझे काका पण
तुमच्याकडेच बसले होते फोटोला."
कुठले काका, मी विचारत नाही. डब्यात असतील.

रिक्षात खोका मांडीवर. खड्डा आला की
दोन्ही हातांनी धरते, नारळी पौर्णिमेच्या नारळासारखा.

रात्री दिवा काचेखालून सरकत जातो,
होडी ओढतात तसा आवाज करत.
मग मी 'उलटं करा' दाबते,
रफीकचे केस काळे होतात, तेल लावून बसवलेले,
आणि अप्पा छापताना नेहमी कापायचे
ती कडा दिसते पहिल्यांदा:
पांढऱ्या पुठ्ठ्याचा कोपरा, उजेड परतवायचा,
त्यावर चार बोटं, लहान, नखं कुरतडलेली.
माझी.

दीड तास लागला एकाला.
सहा प्रतींचे अठरा रुपये
अजून यायचेत.